देवीचा रोग आणि आपल्या समजुती



स्मरणिकेसाठी यंदा इतिहासावर काही लिहावे, असे मंडळाने मला सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांच्या लढाया काही मला सांगता यायच्या नाहीत. पण ज्याची धास्ती आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर घेतली, त्या देवीच्या रोगाविषयी मी आवडीने वाचले आहे. समजूत मनात कशी बसते, ती का हलत नाही आणि अखेर कशी हलते, हे या रोगाच्या इतिहासातून फार चांगले कळते.

आजच्या मुलींना हा रोग ठाऊक नाही, हे त्यांचे भाग्य. कडकडून ताप येई आणि अंगभर फोड उठत. शंभरांतली सुमारे तीस माणसे दगावत. वाचत त्यांच्या तोंडावर वण राहत; काहींचे डोळे जात. विसाव्या शतकात जगात सुमारे तीस कोटी माणसे या रोगाने मेली असा अंदाज आहे. यावर औषध असे नव्हतेच. जेथे माणसाचा इलाज चालत नाही, तेथे तो हात जोडतो. म्हणून ‘रोग झाला’ असे कोणी म्हणत नसे. ‘देवी आल्या’ असे म्हणत. आजाऱ्याच्या उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवीत, घरात फोडणी देत नसत, परक्या माणसाला आत येऊ देत नसत. हे सारे वेडेपण होते असे मी म्हणणार नाही. आजाऱ्याला शांतता मिळे, आणि परके आत न आल्याने रोगाचा फैलावही थोडा कमी होत असेल.

पण ही समजूत इतकी पक्की का झाली? विचार करा. दहा मुलांना देवी आल्या तर त्यांतली सहा-सात जगत. त्यांच्या आया म्हणत, नवस पावला. ज्यांची मुले जात, त्या म्हणत, आमच्याच सेवेत काही उणे राहिले. म्हणजे मूल जगले तरी समजूत खरी आणि गेले तरी खरीच. जी समजूत कधीच हरत नाही, ती तपासावी असे कोणाच्या मनात येणार?

आता दुसरी एक समजूत पाहा. तिकडे इंग्लंडात गवळणींमध्ये एक बोलवा होती, की गाईच्या कासेवरचे फोड ज्या बाईच्या हाताला उठतात, तिला पुढे देवी येत नाहीत. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने १७७४ साली याच भरवशावर आपल्या बायकोला व दोन मुलांना गाईच्या फोडातील लस टोचली. शेजाऱ्यांनी त्याची निंदानालस्ती केली. पुढे १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर या डॉक्टराने एका गवळणीच्या हातावरील फोडातील लस आठ वर्षांच्या एका मुलाला टोचली, आणि काही आठवड्यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली. त्याला देवी आल्या नाहीत. असा प्रयोग आज कोणी मुलावर करू देणार नाही. पण जेन्नरने अडाणी बायकांचे बोलणे हसण्यावारी नेले नाही आणि डोळे मिटून मानलेही नाही. ते पडताळून पाहिले. देवीच्या कोपाची समजूतही लोकांचीच आणि गवळणींची समजूतही लोकांचीच. एक पडताळ्यास उतरली, दुसरी उतरली नाही, एवढाच काय तो फरक.

ही लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. आपल्या देशात लस लागू पडलेले हे पहिले मूल. तिच्या हातावरील फोडातून दुसऱ्या मुलाला, त्याच्यापासून तिसऱ्याला, अशी ती हातोहात पुढे नेली गेली. लोकांचा विरोध झाला, आणि त्याला कारणेही होती. एका जातीच्या मुलाच्या अंगातील पू दुसऱ्या जातीच्या मुलाला टोचायचा, हे लोकांना विटाळाचे वाटे. मूल दुखण्याने रडे, दंड सुजे. शिवाय उन्हाळ्यात लस निकामी होई, मग टोचूनही देवी येत. लोक म्हणत, पाहा, उपयोग काय? टोचणारा पडला सरकारी माणूस आणि सरकार परक्याचे. अशा माणसाच्या हाती कोणती आई आपले मूल सुखाने देईल?

आपलेच लोक तेवढे भोळे, असे मात्र कोणी समजू नये. १८०२ सालीच लंडनमध्ये गिलरे या चित्रकाराने एक व्यंगचित्र काढले. त्यात लस टोचलेल्यांच्या अंगातून गाई बाहेर पडताना दाखविल्या आहेत! इंग्लंडात १८५३ साली मुलांना लस टोचण्याची सक्ती झाली, तेव्हा लोक चिडले. १८८५ साली लेस्टर शहरी सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. आपल्याकडे महात्मा गांधींनीही आरोग्यावरील आपल्या लेखनात लस टोचण्यास विरोध केला होता. गाई-वासरांना होणारी पीडा त्यांना मान्य नव्हती आणि ही रीतच त्यांना अमंगळ वाटे. म्हणजे मोठा आणि सत्यनिष्ठ माणूसही अशा बाबतीत चुकू शकतो. समजूत ही काही अडाण्यांचीच मिरास नाही.

मग बदल झाला कसा? आपल्या भाषेकडेच पाहा. लस टोचण्याला लोक ‘देवी काढणे’ म्हणू लागले आणि टोचणारा गावोगाव ‘देवी डॉक्टर’ झाला! देवीचे नाव कोणी टाकले नाही. त्याच नावाखाली नवी रीत घरात शिरली. शेजारणीच्या टोचलेल्या मुलाला साथीत काही झाले नाही, हे डोळ्यांनी पाहिले की पुढच्या वेळी बाई आपणहून मूल पुढे करी. कायद्याने दंड झाला असेल, पण मन वळले ते शेजारणीच्या मुलाकडे पाहून.

सक्तीची एक हकीकत तेथे हजर असलेल्या डॉक्टरांनीच लिहून ठेवली आहे. १९७४ साली देशात देवीची मोठी साथ होती. वर्षभरात दीड लाखाहून अधिक लोकांना लागण झाली. त्या सुमारास, तेव्हाच्या बिहारातील सिंगभूम भागात, हो जमातीच्या एका म्होरक्याच्या घरात रात्री शिरून त्याला व घरच्यांना बळाने लस टोचली. तो शेवटपर्यंत झगडला. सारे झाल्यावर त्याने परसातील पिकलेली काकडी तोडून त्या पथकालाच खायला दिली. त्याचे म्हणणे असे, की रोग कोणाला व्हावा हे देवाने ठरवायचे, म्हणून अडविणे हे माझे कर्तव्य होते. तुम्ही तुमचे कर्तव्य केलेत, मी माझे केले. आता तुम्ही माझ्या घरी पाहुणे आहात. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. त्याची समजूत चुकीची होती, लस योग्यच होती. पण माणूस म्हणून तो कोठे उणा होता? समजूत चुकली म्हणजे माणूस टाकाऊ, असे आपण किती सहज म्हणून जातो!

घरोघर फिरणाऱ्या हजारो कार्यकर्त्यांच्या मेहनतीने १९७५ च्या मे महिन्यानंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. माहीमचे शीतळादेवीचे देऊळ आजही आहे, आणि श्रावणात शिळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खाणाऱ्या बायकाही आहेत. रोग गेला म्हणून श्रद्धा गेली नाही. तेव्हा शंका विचारली तर धर्म बुडेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

आणि ही गोष्ट जुनी झाली असेही नाही. २०२१ साली करोनाची लस आली तेव्हा फोनवर कसकसले निरोप फिरत होते, ते आपण पाहिलेच. एखादे बोलणे कानावर आले की मनाशी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिले आहे का? ज्यांच्या बाबतीत याच्या उलट घडले, त्यांची मोजदाद कोणी ठेवली आहे का? आणि काय दिसले म्हणजे मी माझी समजूत सोडीन? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती समजूत जरा जास्तच तपासावी, मग ती माझी असो की शेजारणीची. आणि शेजारणीची तपासायची असेल तर तिच्या ओट्यावर बसून, चहा घेत, तिचे आधी ऐकून घेऊन. आपल्या मंडळाला हे काम चांगले जमण्यासारखे आहे.