नव्या संगणकातील अनोळखी ॲप्लिकेशन्स : ओळख, पडताळणी आणि निर्णय

बॉटनी डाउन्स, ऑकलंड : विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि अनेक कुटुंबांना नवा संगणक घेण्याचा विचार करावा लागला. पूर्व ऑकलंडमधील बॉटनी डाउन्ससारख्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या एकाच लॅपटॉपवर कार्यालयाचे काम, मुलांचा अभ्यास आणि न्यूझीलंड व भारत अशा दोन्ही देशांतील बँकांचे व्यवहार चालतात. असा संगणक प्रथम उघडताच कोणी न मागवलेल्या ॲप्लिकेशन्सची लांबलचक यादी समोर येते. त्यातील आवश्यक कोणते, निरुपयोगी कोणते आणि धोकादायक कोणते, हे केवळ नावावरून कळत नाही.

यादीत कोण असते?

आधीच भरून आलेल्या ॲप्लिकेशन्सचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग विंडोजच्या स्वतःच्या घटकांचा. दुसरा यंत्रभागांना चालवणाऱ्या ड्रायव्हरांचा : रिअलटेक हे नाव ध्वनीशी, तर सिनॅप्टिक्स हे टचपॅडशी निगडित असते. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ हे नाव यादीत अनेकदा आढळले तरी ती पुनरुक्ती नसते. निरनिराळ्या प्रोग्रॅमना त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या लागतात. तिसरा वर्ग उत्पादकाच्या साहाय्यक साधनांचा. लेनोवो व्हँटेज, डेल सपोर्टअसिस्ट, मायएसस ही त्याची उदाहरणे. चौथा वर्ग व्यापारी करारातून आलेल्या पाहुण्यांचा : मुदतीपुरते मोफत अँटिव्हायरस, खेळ, खरेदीचे दुवे.

पहिल्या दोन वर्गांतील काही घाईने काढले, तर आवाज बंद पडतो किंवा टचपॅड निकामी होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच तो प्रकार. मात्र उत्पादकाने दिले म्हणून ते निर्धोक, हे गृहीतही इतिहासाने खोटे ठरवले आहे.

दोन बोलकी प्रकरणे

फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर आधीच बसवलेले ‘सुपरफिश’ हे जाहिरातींचे सॉफ्टवेअर गाजले. वापरकर्ता पाहत असलेल्या पानांवर जाहिराती दाखवण्यासाठी त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले होते. त्यामुळे बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा कूटबद्ध संवादही त्याला मध्येच उघडता येई. सर्व यंत्रांवर त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली एकच होती आणि संशोधकांनी तिचा पासवर्ड लवकरच शोधून काढला. ॲप्लिकेशन काढून टाकले तरी प्रमाणपत्र मागे राही. ते स्वतंत्रपणे हटवावे लागे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ मध्ये या प्रकरणी कंपनीशी तडजोड केली.

दुसरे प्रकरण मार्च २०१९ मध्ये कॅस्परस्की कंपनीने उघड केले. हल्लेखोरांनी २०१८ मध्ये एससच्या अद्यतन यंत्रणेत शिरून ‘लाइव्ह अपडेट’ या साधनाची दूषित आवृत्ती वितरित केली होती. तिच्यावर कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरी होती. स्वाक्षरी हा महत्त्वाचा पुरावा असला तरी तो अखेरचा शब्द नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

ओळखण्याची रीत

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ या विभागात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी असते. ती स्थापनेच्या तारखेनुसार लावावी. नव्या यंत्राच्या पहिल्या दिवसानंतरची तारीख असलेले अपरिचित नाव अधिक चौकशीस पात्र ठरते. अद्यतनामुळेही तारीख बदलते, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्यानंतर प्रकाशकाचे नाव पाहावे.

एखादा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये त्यावर उजवी क्लिक करून फाइलचे स्थान उघडावे. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग असल्यास स्वाक्षरी कोणाची, हे तेथे दिसते. विंडोजच्या घटकाचे नाव धारण करणारी फाइल तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात सापडली, तर संशयास जागा आहे. ‘एसव्हीसीहोस्ट’ची खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम-३२ या फोल्डरात असते. तरीही शंका उरली, तर ती फाइल व्हायरसटोटल या सेवेवर तपासता येते. खासगी कागदपत्रे मात्र तेथे कधीही चढवू नयेत.

काढावे, थांबवावे की ठेवावे?

ओळख पटली नाही, तोवर काढू नये. प्रथम ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये ते बंद करावे आणि काही दिवस संगणकाचे वर्तन पाहावे. काढण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट तयार करावा. मुदतीचे अँटिव्हायरस काढल्यावर विंडोज डिफेंडर सुरू झाल्याची खात्री करावी. सर्वच पाहुणे नकोसे असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने विंडोज नव्याने बसवता येते. उत्पादकाच्या रिकव्हरी प्रतीतून मात्र तीच यादी परत येते.

यंत्र नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेले असेल, तर हा निर्णय वापरकर्त्याचा नसतो. त्यावरील देखरेखीची साधने, कधी कधी मूळ प्रमाणपत्रेही, संस्थेने हेतुपूर्वक बसवलेली असतात. अशा वेळी कार्यालयाच्या तंत्रविभागालाच विचारावे.

शोधातला सापळा

अनोळखी नाव शोधताना ‘तातडीने या क्रमांकावर संपर्क साधा’ असे सांगणारी पाने समोर येतात. फोन केल्यास पलीकडची व्यक्ती विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील नेहमीच्या नोंदी संसर्गाचा पुरावा म्हणून दाखवते, दूरस्थ प्रवेश मागते आणि मग खात्यातील रकमेकडे वळते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक नसतो. प्रवेश दिला गेलाच, तर संगणक इंटरनेटपासून तोडावा, दुसऱ्या उपकरणावरून प्रथम बँकेला कळवावे आणि पासवर्ड बदलावेत. न्यूझीलंडमध्ये १०५ या क्रमांकावर पोलिसांकडे तक्रार नोंदवता येते आणि नेटसेफ ही संस्था मार्गदर्शन करते. भारतात आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

भारतातील आईवडिलांसाठी हा धोका अधिक गंभीर असतो. ऑकलंडचे घड्याळ भारताच्या साडेसहा, तर उन्हाळी वेळेत साडेसात तास पुढे असते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये रात्री नऊला पडद्यावर अनोळखी नाव झळकते, तेव्हा इकडचे घर झोपेत असते आणि पडद्यावरचा क्रमांकच जवळचा वाटतो. म्हणून त्यांच्या संगणकाची यादी पुढच्या भेटीतच एकत्र बसून पाहावी, ओळख पटलेल्या नावांची मराठीत टिपण करून ठेवावी आणि एक साधा नियम ठरवून द्यावा : नाव अनोळखी दिसले तर पडद्याचे छायाचित्र पाठवावे, संगणक बंद करावा आणि सकाळपर्यंत थांबावे.