एक शहर, अनेक नावे

सिडकोची स्थापना १९७० साली झाली. तिने वसवलेल्या शहराला इंग्रजीत ‘न्यू बॉम्बे’ म्हणत, मराठीत ‘नवी मुंबई’. हिंदीत ‘मुम्बई’ असेही लिहितात. बहुभाषी संकेतस्थळावर यातले एकच रूप शोधले, तर उरलेली पाने का निसटतात?

संगणक अर्थ जाणत नाही. तो अक्षरांचे क्रमांक जुळवतो. १९९१ साली ‘इस्की’ मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरी अक्षरांना ठरावीक क्रमांक मिळाले. पण अनुस्वार आणि ‘म्’ यांचे क्रमांक निराळेच! म्हणून शोधापूर्वी लेखनभेद एकरूप करावे लागतात, भाषांतरित पाने परस्परांशी जोडावी लागतात. नाहीतर माहिती असूनही मराठीत विचारणाऱ्याला ‘आढळले नाही’ हेच उत्तर मिळते.

वर्गात आपल्या गावाच्या नावाची किती रूपे सापडतात, ते पाहा.