तुंबडी ते पीआरपी

आमच्या यवतमाळात केस गळणाऱ्या तरुणाला आता कुणीतरी पीआरपी सुचवतंच. दंडातून थोडं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेट्सचा भाग वेगळा करायचा आणि तो डोक्यात टोचायचा. रक्त काढणं जुनंच. चाई पडली तर सुश्रुतसंहिता रक्तमोक्षण सांगते. अंदलूसचे अल्-झहरावी यांनी इ.स. १०००च्या सुमारास ‘अल्-तस्रीफ’मध्ये हिजामा आणि जळवांविषयी लिहिलं. आपल्याकडची तुंबडी ती हीच. पण ते रक्त वाईट म्हणून फेकून देत. परत अंगात घालणं हे नवं.

प्लेटलेट्स वेगळ्या काढल्या त्या रक्तस्राव थांबवण्यासाठी. १९९८मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडासाठी त्या वापरल्या. चेहरा आणि केस मागून आले.

‘आपलंच तर रक्त, धोका कसला?’ असं म्हणतात. रक्त आपलं, पण सुई कुणाची? अमेरिकेत अल्बुकर्कीच्या एका विनापरवाना स्पामध्ये असं फेशियल केलेल्या तिघींना एचआयव्हीची लागण झाली. २०१८मध्ये तिथे तपासणी झाली, तेव्हा फ्रिजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारी रक्ताच्या नळ्या सापडल्या. एकीवरही नाव नव्हतं.