सहा मीटर काठ

बेसा-पिपळा भागात ‘पोहरा नदी कुठे आहे?’ असे विचारून पाहावे. ‘नदी? तो तर नाला आहे जी,’ असे उत्तर बहुधा मिळते. सांगणाऱ्याचा दोष नाही. समोर वाहते ते काळपट पाणी आहे, काठावर बेशरम माजलेली आहे आणि पलीकडे सात मजली इमारती. तरीही पोहरा ही नदीच आहे. उत्तरेला पिवळी, मधून नाग आणि दक्षिणेला पोहरा, अशा या नागपूरच्या तीन नद्या. शहराच्या पश्चिमेला काळ्या पाषाणाचा उंचवटा आहे आणि पूर्वेकडे जमीन कन्हानच्या खोऱ्यात उतरत जाते. या उतारानेच तिघींची दिशा ठरवली. पोहरा सहकारनगर, नरेंद्रनगर, पिपळा फाटा असे करत विहीरगावकडे जाते आणि पुढे नागेला मिळते. तिथून कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा तिच्या पाण्याचा प्रवास आहे.

नाग नदीच्या वाट्याला इतिहास आला. 1702 च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहने तिच्या आसपासच्या वाड्या एकत्र करून शहर वसवले. पुढे भोसल्यांची राजधानीही तिथेच झाली. पोहऱ्याच्या काठी मात्र राजधानी नव्हती, वावरे होती. त्यामुळे बखरींत तिला शोधण्यात अर्थ नाही. अशा नद्यांचा इतिहास महसुली दप्तरात असतो. विहिरीतून पाणी शेंदायच्या भांड्यालाही आपण पोहरा म्हणतो, तेव्हा दोन्ही शब्द जोडून टाकण्याचा मोह होतो. पण नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये.

मध्यप्रांतातल्या मालगुजारी गावांसाठी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागद असे. गावाच्या चालीरीती आणि वहिवाटीचे हक्क त्यात लिहिले जात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पण हा कागद टिकला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 165 मध्ये तो आजही आहे. सिंचनाचा हक्क, वाटेचा हक्क आणि मासे धरण्याचा हक्क, असे हक्क त्यात येतात. ओहोळात कुणी जाळे टाकायचे हे सरकारी कागदात नोंदवण्याजोगे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नोंद करायची म्हणजे मासे तर हवेतच.

आता काठाचा हिशेब वेगळ्या नियमाने होतो. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नदीच्या पाण्याच्या काठापासून 15 मीटर आणि नाल्याच्या काठापासून 9 मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. म्हणजे नदीला नाला म्हटले की प्रत्येक काठाचे सहा मीटर सुटतात! बोलीतला ‘नाला’ निरुपद्रवी आहे. नकाशावरचा ‘नाला’ तसा नाही.

त्या सहा मीटरांत राहते कोण? पाण्यातला प्राणवायू घटला की केवळ कल्ल्यांवर जगणारे मासे आधी जातात. मरळ, मांगूर, शिंगी वर येऊन हवा घेऊ शकतात, म्हणून ते मागे उरतात. सांडपाण्याच्या चिखलात लाल अळ्या वाढतात आणि त्या टिपायला लांब गुलाबी पायांचे शेकाटे येतात. पक्षी दिसला म्हणजे नदी निरोगी, हा हौशी निरीक्षकांचा समज इथे उपयोगाचा नाही. शेकाट्याला घाणीचे वावडे नसते. खंड्याचे तसे नाही. त्याला स्वच्छ पाणी आणि मासे लागतात, शिवाय घरट्यासाठी मातीची उभी दरड लागते. तीत तो चोचीने बोगदा कोरतो. टिटवी काठाच्या उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते. संरक्षक भिंत बांधली की दरड जाते, भिंतीमागे रस्ता झाला की टिटवीची जागा जाते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली, तेव्हा शहरात नदीच्या रुंदीची चर्चा सुरू झाली. नागेच्या शुद्धीकरणासाठी 1,927 कोटींची योजना त्याआधीच मंजूर झाली होती. पोहऱ्याचे पाणी खाली त्याच नागेत उतरते.

दिवाळीच्या आसपास उत्तरेकडून धोबी पक्षी येतात. पिपळ्याच्या बाजूला जिथे अजून भिंत नाही, तिथे ते शेपटी हलवत ओल्या काठावर चरताना दिसतात.