१.९ नंतर १.१०

मंडळी, शाळेतल्या गणिताच्या बाईंना विचारलंत तर १.९ पेक्षा १.१० लहान. माइनक्राफ्टला विचारलंत तर मोठा! या खेळाची १.९ आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये १.१०. मधलं ते टिंब दशांशचिन्ह नाहीच. पुस्तकात नवव्या प्रकरणानंतर दहावं येतं, तसा हा हिशोब.

माझा भाचा या खेळासाठी एक छोटासा मॉड लिहितो. (मॉड म्हणजे बाहेरच्या माणसाने खेळात घातलेली भर. काकू, हे खास तुमच्यासाठी.) कोड त्याचा, बिल्डच्या फाइली माझ्याकडे. त्या सांभाळता सांभाळता मी या आकड्यांच्या इतिहासात शिरलो.

मूळ खेळाचे आकडेच आधी सरळ चालले नाहीत. सप्टेंबर २०११ मध्ये बीटा १.८ आली आणि दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, १.०. मग २०१४ मध्ये पुन्हा एक १.८! पुढचा '१' तर वर्षानुवर्षं हललाच नाही. २०१३ मध्ये आलेली '२.०' ही एक एप्रिलची थट्टा होती. २०१८ च्या १.१३ मध्ये ब्लॉक अंकांनी ओळखायची पद्धत जाऊन नावं आली, मॉडवाल्यांना बरंच काही नव्याने लिहावं लागलं. आकड्यात मात्र फरक एकाचाच.

दरम्यान गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, यांनी क्रमांकांना अर्थ देणारे नियम लिहिले होते. त्यांची २.०.० ही आवृत्ती २०१३ ची. पहिला आकडा वाढला तर जुनं काहीतरी मोडलंय. दुसरा वाढला तर नवं आलंय, जुनं शाबूत आहे. तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती. याला म्हणतात सेमव्हर.

मॉडची पंचाईत अशी की त्याला दोन घड्याळं सांभाळावी लागतात, एक स्वतःचं आणि एक खेळाचं. कॅलेंडरवर तारीख आणि तिथी शेजारी छापतात, तसंच हे. फोर्जच्या मार्गदर्शनात आधी खेळाचा क्रमांक, मग आडवी रेघ, मग मॉडचा: १.२०.१-१.०.०.०. सेमव्हर पाळणाऱ्या फॅब्रिकमध्ये मात्र आडवी रेघ म्हणजे 'अजून पक्की न झालेली आवृत्ती'. म्हणून तिथे खेळाचा क्रमांक अधिकचिन्हानंतर, शेवटी लिहायची रीत पडली. अधिकचिन्हानंतरचं तुलनेत धरत नाहीत.

आणि हे लिहायचं कुठे? १.७.१० च्या काळात (२०१४) मॉडचा क्रमांक बिल्डच्या फाइलीत असे आणि जावाच्या कोडमध्येही. एक बदलला की दुसरा आठवणीने बदलायचा. आता तो ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलीत एका ओळीत लिहितात. बाकी ठिकाणी रिकामी जागा ठेवायची, बिल्ड होताना ती भरली जाते.

कोणत्या खेळावर मॉड चालेल तेही तिथेच सांगायचं: [१.२०.१,१.२१). चौकोनी कंस म्हणजे 'हा धरून', गोल म्हणजे 'हा सोडून'. बसत नसेल तर खेळ सुरूच होत नाही. वापरणारा वैतागतो, पण तो नकार म्हणजे मेहरबानी समजा. कारण पणाला लागलेलं असतं कुणाचं तरी वर्षानुवर्षं रचलेलं जग. मॉडमधून एखादा ब्लॉक काढून टाकला आणि जुनं जग उघडलं, की त्या ब्लॉकच्या जागी नुसती हवा उरते.

२०२५ च्या डिसेंबरात मोजांगने जाहीर केलं की २०२६ पासून क्रमांकाची सुरुवात वर्षाने होईल, म्हणजे २६.१ वगैरे. म्हणजे तो '१' अखेर गेला. ज्यांनी '१.२१ आणि पुढचं सगळं' असं मोकळं लिहून ठेवलं असेल, त्यांच्या नियमात २६.१ सुद्धा बसतो. तपासून बघा बरं.

परवा भाचा म्हणाला, "मामा, नवीन चित्रं टाकलीत, २.० करूया ना. भारी वाटेल." म्हटलं, त्याला १.४.० पुरे. मग त्याने हळूच सांगितलं की त्याला न आवडणारा एक कंदील त्याने काढून टाकलाय. लगेच २.०.० केलं, आणि बदलांच्या यादीत पहिली ओळ त्याच्याकडून लिहून घेतली: 'जुने कंदील आधी बदलून घ्या, नाहीतर घरात अंधार होईल.'