लघुमापी सिनेफिल्मचे घरगुती अंकीकरण

लघुमापी सिनेफिल्मचे घरगुती अंकीकरण म्हणजे ८ मिमी, सुपर ८, ९.५ मिमी व १६ मिमी रुंदीच्या फिल्मवरील चित्रे स्वतः जुळवलेल्या यंत्राच्या साहाय्याने एकेक चौकट टिपून संगणकीय स्वरूपात आणणे होय. व्हिडिओ कॅमेरे येण्यापूर्वीचे लग्नसमारंभ, यात्रा, शाळांची संमेलने व गावांची दृश्ये अशा फिल्मवर चित्रित होत असत.

मापे

पाथे कंपनीची ९.५ मिमी फिल्म १९२२ मध्ये, तर कोडॅकची १६ मिमी फिल्म १९२३ मध्ये बाजारात आली. १९३२ साली आलेल्या ८ मिमी पद्धतीत १६ मिमी रुंदीची फिल्म दोन वेळा कॅमेऱ्यातून फिरवून नंतर मधोमध कापली जाई. १९६५ मधील सुपर ८ फिल्मवर छिद्रे लहान केल्याने चित्रासाठी अधिक जागा मिळाली. सुपर ८ च्या ५० फुटी फिल्मवर सुमारे ३,६०० चौकटी असतात. सेकंदाला १८ चौकटी या वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंद चालते.

फिल्मचा ऱ्हास

जुन्या ३५ मिमी चित्रपटांसाठी वापरली जाणारी ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म घरगुती वापरात नव्हती. लघुमापी फिल्म बहुधा अ‍ॅसिटेटची असते. उष्णता व दमटपणामुळे अ‍ॅसिटेटचे विघटन होऊन अ‍ॅसिटिक आम्ल निर्माण होते. या आम्लामुळे पुढील विघटन अधिक वेगाने होते. या विकारास ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. आंबूस वास, आकुंचन, वाकडेपणा आणि ठिसूळपणा ही त्याची लक्षणे होत. झालेले नुकसान भरून काढता येत नाही; थंड व कोरड्या साठवणुकीने ते केवळ लांबवता येते. बाधित फिल्म इतर फिल्मपासून वेगळी ठेवतात. पॉलिस्टरवरील फिल्मला हा विकार होत नाही.

यंत्राची रचना

चालत्या प्रोजेक्टरचे चित्र भिंतीवर पाडून मोबाइलने टिपणे सोपे असले, तरी प्रोजेक्टरची झडप व कॅमेऱ्याचा वेग जुळत नसल्याने चित्र लुकलुकते. शिवाय आकुंचित फिल्मची छिद्रे फाटण्याचा धोका असतो. म्हणून घरगुती स्कॅनरमध्ये प्रत्येक चौकट क्षणभर स्थिर ठेवून तिचे छायाचित्र घेतात.

यासाठी अनेकदा जुन्या प्रोजेक्टरचा सांगाडा वापरतात. त्यातील झडप काढतात आणि तापणाऱ्या दिव्याऐवजी पांढरा एलईडी व त्यापुढे दुधी अ‍ॅक्रिलिक बसवतात. बहुतेक प्रोजेक्टरमध्ये मुख्य दांड्याच्या एका फेऱ्यात एक चौकट सरकते. त्यामुळे २०० टप्प्यांची स्टेपर मोटर जोडल्यास नियंत्रण सुलभ होते. आकुंचित फिल्मसाठी दातेरी चाकांऐवजी गुळगुळीत रूळ अधिक सुरक्षित ठरतात. नियंत्रणासाठी आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय आणि चित्रणासाठी रास्पबेरी पायचा कॅमेरा किंवा डीएसएलआर वापरला जातो. एन्लार्जरचे भिंग उलटे बसवून लहान चौकट मोठी करता येते.

कार्यपद्धती

प्रथम फिल्म हाताने उलगडून तुटलेले जोड दुरुस्त करतात आणि धूळ मऊ, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसतात. पाण्याने चित्रस्तर फुगत असल्याने पाणी टाळतात. चित्रणाच्या वेळी प्रकाशमान व रंगसंतुलन एकाच ठिकाणी स्थिर ठेवले नाही, तर लागोपाठच्या चौकटी कमीअधिक उजळ दिसतात. सेकंदाला एक चौकट या वेगाने ५० फुटी सुपर ८ फिल्मला सुमारे एक तास लागतो. नंतर छिद्राच्या स्थानावरून सॉफ्टवेअर चौकटी एका रेषेत आणते. जुन्या ८ मिमी फिल्मसाठी बहुधा १६, तर मूक सुपर ८ साठी १८ चौकटींचा वेग धरतात. चुंबकीय ध्वनिपट्टी असल्यास आवाज स्वतंत्रपणे काढावा लागतो.

नांदेड व लातूर परिसरातील महत्त्व

मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. माळ्यावर किंवा पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या फिल्मसाठी ही स्थिती घातक असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुन्या गावांतील वाडे, वेशी व गल्ल्या त्या जागी उरल्या नाहीत. नांदेडमध्येही २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने हुजूर साहिब परिसर व रस्ते बदलले. अशा ठिकाणांचे त्यापूर्वीचे घरगुती चित्रण आढळल्यास ते स्थानिक इतिहासाचे साधन ठरू शकते.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आणि मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशन (स्थापना २०१४) या राज्यातील चित्रपटजतन करणाऱ्या प्रमुख संस्था या भागापासून दूर आहेत. त्यामुळे कमी खर्चाच्या यंत्रांना येथे विशेष उपयोग आहे.

नोंदी व मर्यादा

मूक फिल्ममधील व्यक्ती, स्थळ व प्रसंग ओळखणारी पिढीही वृद्ध होत आहे. म्हणून अंकीकरणासोबतच ज्येष्ठांना चित्रण दाखवून माहिती लिहून घेणे आवश्यक ठरते. मूळ चौकटींची किमान तीन प्रतींत साठवण करून एक प्रत दुसऱ्या गावी ठेवण्याचा प्रघात आहे. संगणकीय साठवण-साधनेही निकामी होत असल्याने प्रती वेळोवेळी नव्या साधनांवर घ्याव्या लागतात. अतिशय आकुंचित, चिकटलेली वा बुरशी लागलेली फिल्म घरी न हाताळता तज्ज्ञांकडे देणे योग्य असते. अंकीकरणानंतरही मूळ फिल्म नष्ट करत नाहीत, कारण पुढे अधिक चांगल्या यंत्राने तिचे पुन्हा चित्रण करता येते.