नेक्सकार१९

नेक्सकार१९ (औषधी नाव : टॅलिकॅब्टाजीन ऑटोल्युसेल) ही रक्ताच्या काही कर्करोगांवर वापरली जाणारी, भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती होय. भारतीय तंत्रज्ञान संस्था मुंबई (पवई), टाटा स्मारक केंद्र आणि इम्युनोॲक्ट ही कंपनी यांच्या सहकार्यातून ती साकारली. या पद्धतीत रुग्णाच्याच टी-पेशी शरीराबाहेर काढून त्यांच्यात एका कृत्रिम संलयन प्रथिनाचे जनुक घातले जाते. या प्रथिनाच्या साहाय्याने टी-पेशी कर्कपेशींना ओळखतात व त्यांना मृत्यूस प्रवृत्त करतात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचारास मान्यता दिली.

पार्श्वभूमी

शरीरातील निकामी किंवा बिघडलेल्या पेशी ठरावीक क्रमाने स्वतःचा नाश करून घेतात. या प्रक्रियेस ॲपॉप्टोसिस किंवा नियोजित पेशीमृत्यू म्हणतात. कर्कपेशी हा क्रम टाळतात आणि अनिर्बंध वाढत राहतात. त्यांच्यात पेशीमृत्यूची प्रक्रिया पुन्हा सुरू करून देणे हे कर्करोग-संशोधनाचे एक जुने उद्दिष्ट आहे.

त्यासाठी संलयन प्रथिनांचा उपयोग होतो. दोन किंवा अधिक प्रथिनांचे जनुक-खंड एकापुढे एक जोडले असता पेशी त्यांपासून एकच सलग प्रथिन तयार करते आणि त्यात मूळ प्रथिनांचे गुण एकवटतात. इंटरल्युकिन-२ व घटसर्पाच्या विषाचा अंश यांच्या जोडणीतून बनलेले डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स हे या प्रकारचे औषध अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाले. त्यातील पहिला भाग कर्कपेशीला चिकटतो, तर दुसरा तिला मारतो.

कार-टी पद्धतीत संलयन प्रथिन औषध म्हणून टोचले जात नाही, तर रुग्णाच्या टी-पेशीच ते स्वतः तयार करतात. या कल्पनेचा पाया इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस घातला. या पद्धतीचे पहिले औषध अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये मान्य झाले.

रचना

कार म्हणजे कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, अर्थात संमिश्र प्रतिजन-ग्राही. कायमेरा हा ग्रीक पुराणकथांतील अनेक प्राण्यांचे अवयव असलेला प्राणी होय. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ हा अशाच संमिश्र प्राण्याचा परिचित नमुना आहे.

नेक्सकार१९ मधील ग्राहीचे प्रमुख भाग असे आहेत :

• बाहेरील भाग : प्रतिपिंडाचा एक तुकडा. तो बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी१९ हे प्रथिन ओळखतो.
• मधला भाग : सीडी८ या प्रथिनापासून घेतलेला. तो ग्राहीला पेशीपटलात बसवतो.
• आतील भाग : ४-१बीबी आणि सीडी३-झीटा. पहिला टी-पेशीला टिकून राहण्यास मदत करतो, तर दुसरा तिला हल्ल्याचा संकेत देतो.

आधीच्या परदेशी औषधांत उंदराच्या प्रतिपिंडाचा तुकडा वापरला होता. राहुल पुरवार यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या संशोधकांनी त्याचे मानवीकरण केले, म्हणजे त्याची रचना मानवी प्रतिपिंडाच्या जवळ नेली. परके प्रथिन म्हणून शरीराकडून होणारा विरोध कमी व्हावा, हा त्यामागील हेतू होता.

कार्यपद्धती

रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या करून निष्प्रभ केलेल्या लेंटिव्हायरसच्या साहाय्याने त्यांत ग्राहीचे जनुक घातले जाते. या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाच्या शरीरात शिरेवाटे परत सोडल्या जातात. त्यापूर्वी रुग्णाला काही दिवस केमोथेरपी दिली जाते.

ग्राही सीडी१९ ला चिकटताच टी-पेशी उद्दीपित होते. ती परफोरिन व ग्रॅन्झाइम ही प्रथिने सोडते. परफोरिन कर्कपेशीचे आवरण भेदते. आत शिरलेले ग्रॅन्झाइम कॅस्पेज ही विकरे जागृत करून नियोजित पेशीमृत्यूची साखळी सुरू करते. अशा रीतीने कर्कपेशीचा नाश तिच्याच अंतर्गत यंत्रणेकडून घडवून आणला जातो.

चाचण्या व मान्यता

जून २०२१ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत भारतातील पहिला कार-टी उपचार करण्यात आला. पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांच्या चाचण्यांत एकूण ६४ रुग्ण होते. त्यांचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये 'द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परिणामांचे मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचारास प्रतिसाद दिला. दोन रुग्णांचा मृत्यू उपचाराशी संबंधित होता.

इतर उपचारांनी बरा न झालेला किंवा उलटलेला बी-पेशी लिम्फोमा व तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया यांसाठी हा उपचार दिला जातो. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे औपचारिक लोकार्पण झाले.

दुष्परिणाम व मर्यादा

उद्दीपित टी-पेशींतून सायटोकाइन ही संदेशवाहक द्रव्ये मोठ्या प्रमाणात बाहेर पडल्यास तीव्र ताप, रक्तदाब घटणे व श्वसनाचा त्रास संभवतो. त्यावर टोसिलिझुमॅब व स्टेरॉइडे दिली जातात. रक्तपेशींची संख्या घटल्याने संसर्गाचा धोका वाढतो. सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असल्यामुळे त्याही नष्ट होतात आणि प्रतिपिंडांची निर्मिती मंदावते. काही कर्कपेशी सीडी१९ गमावून बसतात व टी-पेशींच्या नजरेतून सुटतात, तेव्हा रोग उलटू शकतो. स्तन, फुप्फुस यांसारख्या अवयवांतील घन गाठींवर कार-टी पद्धतीला अद्याप रक्ताच्या कर्करोगांइतके यश आलेले नाही.

खर्च व उपलब्धता

अमेरिकेत अशा उपचाराचा खर्च तीन ते चार कोटी रुपयांच्या घरात जातो. नेक्सकार१९ ची किंमत प्रारंभी सुमारे ३० ते ४० लाख रुपये होती. पेशींवरील प्रक्रिया देशातच होत असल्याने हा फरक शक्य झाला. तरीही सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम मोठीच आहे. शिवाय हा उपचार सुसज्ज रुग्णालयातच देता येतो आणि त्यानंतर काही आठवडे रुग्णाला त्याच्या जवळपास राहावे लागते. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या रुग्णाला औषधाखेरीज प्रवास, मुक्काम आणि सोबतच्या माणसाचा बुडणारा रोजगार यांचाही भार सोसावा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या इम्युनील या कंपनीने कार्टेमी हा दुसरा भारतीय कार-टी उपचार उपलब्ध करून दिला.